देणगीची पावती आणि पगाराची स्लिप

जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी मी पुण्याहून बोरगाव मेघेला परतलो. बॅगेत कंपनीचा लॅपटॉप, चार कपडे, आणि 'दोन आठवड्यांत सगळं सुरळीत होईल' हा विश्वास. पुढे झोन ठरले तेव्हा वर्धा जिल्हा ग्रीन झोनमध्ये होता. गल्लीत मास्क लावून फिरणारा माणूस एखादाच, आणि त्याच्याकडेच लोक संशयाने पाहायचे.

एप्रिलमध्ये कंपनीचा मेल आला: आपण एक कुटुंब आहोत, या संकटातून एकत्र बाहेर पडू. जूनमध्ये पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल आला. एचआरची बाई कागदावरून वाचत होती, कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. त्याच आठवड्यात लिंक्डइनवर कंपनीचा फोटो होता: सारख्या रंगाचे टी-शर्ट, किराणा मालाच्या किटची रास, खाली टाळ्यांचे इमोजी. मीसुद्धा सवयीने लाईक केला. मग काढला.

शेजारचे काकाजी एका बंद पडलेल्या कापड गिरणीत तीस वर्षं होते. त्यांना मी तो कुटुंबवाला मेल वाचून दाखवला. ते म्हणाले, "घरातल्या पोराले कोनी नोटीस देऊन काढते का रे बाबू? कुटुंब म्हन्ते. म्या तं आमच्या मालकाले कधीच बाप म्हटलं नाही. मालकच म्हटलं. पगार टायमावर दे म्हटलं."

किराणा किटही खरं होतं, कॉलही खरा होता. एकाच कंपनीने एकाच आठवड्यात दोन्ही केलं आणि तिला त्यात काहीच विसंगत वाटलं नाही. महामारीने व्यवसायाला काय शिकवलं, यावर लिंक्डइनवर ढिगाने पोस्ट आहेत. लवचीक राहा, रोख रक्कम हाताशी ठेवा, घरून काम करू द्या. मला या विसंगतीबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी लागणारा कागद योगायोगाने माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावरचा आहे.

सेवाग्राम म्हटलं की आपल्याला शाळेची सहल आठवते. बापूकुटी, चरखा, रांगेत चपला. पण १९३६ पासून गांधी जिथे राहिले त्या या गावाचा एका आर्थिक मजकुराशी जवळचा संबंध आहे, आणि तो मजकूर सहलीत कुणी दाखवत नाही. आगाखान पॅलेसमधून १९४४ मध्ये सुटल्यानंतरच्या काळात किशोरलाल मशरूवाला आणि नरहरी परीख यांनी विश्वस्त संकल्पनेचा एक छोटा मसुदा गांधींपुढे ठेवला. अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांचा त्याच्या घडणीत मोठा वाटा होता. गांधींनी त्यात दुरुस्त्या केल्या. तो छापून आला १९५२ मध्ये, 'हरिजन'मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. सहा कलमं. मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावतील एवढी.

विश्वस्त ही कल्पना आपण साधारण अशी ऐकलेली असते: श्रीमंतांनी आपली संपत्ती समाजाची ठेव समजावी, गरज असेल तेवढं ठेवून बाकी द्यावं. गुळगुळीत, निरुपद्रवी. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात गांधींचा फोटो टाकायला सोयीची. पण ती सहा कलमं प्रत्यक्ष वाचली की धक्का बसतो. त्यात देणगीचं नावच नाही. समाज आपल्या हितासाठी परवानगी देईल तेवढाच खासगी मालकीचा हक्क, असं आहे. संपत्तीच्या मालकीवर आणि वापरावर कायद्याचं नियंत्रण येऊ शकतं, असं आहे. किमान वेतन ठरतं तशी कमाल उत्पन्नावरही मर्यादा हवी, दोन्हींमधला फरक वाजवी हवा आणि तो काळानुसार कमी होत जावा, असं आहे. आणि शेवटच्या कलमात, उत्पादन काय करायचं ते कुणाच्या लहरीवर किंवा लोभावर नाही तर समाजाच्या गरजेवर ठरेल, असं आहे. म्हणजे पगार, उत्पादन, कायदा. किराणा किट कुठेच नाही.

'विश्वस्त' हा शब्द गांधींनी कुठून आणला, हेही बघण्यासारखं आहे. लंडनमध्ये बॅरिस्टरकीच्या अभ्यासात त्यांनी स्नेलचं 'इक्विटी' हे कायद्याचं पुस्तक वाचलं होतं, आणि पुढे गीतेतला अपरिग्रह समजून घेताना त्यातल्या विश्वस्ताच्या कल्पनेचा उपयोग झाला असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे. म्हणजे हा शब्द निदान अर्धा तरी कोर्टातला आहे. आणि कायद्यातला विश्वस्त फार बांधलेला प्राणी असतो. ठेवीतून त्याने स्वतःचा फायदा करायचा नसतो. ज्याच्यासाठी ठेव आहे तो माणूस उठून हिशेब मागू शकतो आणि विश्वस्ताला तो द्यावा लागतो. या माणसाला कायद्याच्या परिभाषेत 'हिताधिकारी' म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यात 'अधिकारी' आहे. आपण रोज वापरतो तो शब्द 'लाभार्थी'. त्यात 'अर्थी' आहे, म्हणजे मागणारा. लाभार्थी फोटोत हात पुढे करून उभा असतो.

महामारीत कंपन्यांचं वागणं वाचायला मला या दोन शब्दांइतकं दुसरं काही उपयोगी पडलं नाही.

आता दुसरा एक मजकूर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. हाच तो सीएसआर. २८ मार्च २०२० ला सरकारने सांगितलं की पीएम केअर्सला दिलेले पैसे यात धरले जातील. मग १० एप्रिलला कंपनी व्यवहार मंत्रालयाने प्रश्नोत्तरं काढली. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेले पैसे सीएसआर धरले जाणार नाहीत, राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेले धरले जातील. यावरून महाराष्ट्रात बरीच ओरड झाली, रास्तच होती.

पण त्याच कागदात खाली आणखी एक प्रश्न होता, आणि त्यावर जवळपास कुणी बोललं नाही. लॉकडाउनमध्ये कामगारांना पगार दिला तर तो सीएसआर धरता येईल का? उत्तर: नाही. पगार देणं हे मालकाचं नैतिक कर्तव्य आहे, कारण या काळात कामगाराला दुसरं साधन नाही. रोजंदारीवरच्या आणि तात्पुरत्या कामगारांच्या मजुरीचंही तेच. मजुरीच्या वर काही सानुग्रह रक्कम दिली, तर ती मात्र अपवाद म्हणून चालेल.

हे उत्तर मला सबंध टाळेबंदीतला सर्वांत प्रामाणिक सरकारी मजकूर वाटतो. पगार ही देणगी नव्हे, असं सरकारने लेखी सांगितलं. फक्त पुढची गोष्ट अशी, की देणगीला कायद्यात जागा आहे. तिचा आकडा, समिती, वार्षिक अहवालात रकाना, न दिल्यास कारण देण्याची सक्ती. नैतिक कर्तव्याला रकाना नाही. म्हणून मार्च ते जून २०२० मध्ये कुणी किती दिलं याच्या याद्या रोज छापून आल्या आणि कुणी किती जणांना काढलं याच्या आल्या नाहीत. कंपनी जे मोजते ते दाखवते, यात कपट असायलाच पाहिजे असं नाही.

साथ आणि मजुरी यांचं भांडण आपल्याकडे नवं नाही. १९१७ मध्ये अहमदाबादला प्लेग आला. माणसं शहर सोडून पळायला लागली. गिरण्या चालू ठेवायच्या तर कामगार थांबायला हवेत, म्हणून मालकांनी मजुरीवर जादा रक्कम द्यायला सुरुवात केली. तिचं नावच 'प्लेग बोनस'. काहींना तो मजुरीच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत मिळत होता. प्लेग ओसरला, मालकांनी बोनस बंद करायचं ठरवलं. कामगार म्हणाले, प्लेग गेला पण महागाई कुठे गेली? युद्धाने भाव चढलेच होते. त्यांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० वर अडले, गांधींनी हिशेब करून ३५ टक्के रास्त म्हणून सांगितलं. २२ फेब्रुवारी १९१८ ला टाळेबंदी सुरू झाली. हो, शब्द तोच. आपण २०२० मध्ये लॉकडाउनचं भाषांतर 'टाळेबंदी' केलं, पण कामगारांच्या मराठीत हा शब्द आधीपासून होता आणि त्यात मालक कामगाराला बाहेर ठेवून दाराला कुलूप लावायचा.

पुढची कथा नाट्यमय आहे. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूया. १५ मार्चला गांधींचं उपोषण, तीन दिवसांत तडजोड. तडजोड तर विनोदी वाटावी अशी: पहिल्या दिवशी ३५ टक्के म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली, दुसऱ्या दिवशी २० म्हणजे मालकांचा शब्द राहिला, तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल येईपर्यंत साडेसत्तावीस. शेवटी लवादाने ३५ टक्केच दिले. आपल्या उपोषणाचा मित्र असलेल्या मालकांवर दबाव आला, ते निर्दोष नव्हतं, हे गांधींनी नंतर स्वतः कबूल केलं. महादेव देसाईंनी या लढ्यावर सबंध पुस्तक लिहिलं. तेच पुढे सेवाग्रामला राहिले.

मला यातला प्लेग बोनस महत्त्वाचा वाटतो. साथीत मालकाला एकदम कळतं की गिरणी माणसं चालवतात. कळतं म्हणून तो पैसे देतो. भीती गेली की कळलेलंही जातं. २०२० मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने गोदामातल्या कामगारांना तासाला २ डॉलर जादा द्यायला सुरुवात केली आणि मेअखेर बंद केले. क्रोगर या किराणा साखळीने तर त्याला 'हीरो बोनस' नाव दिलं होतं, तोही मेच्या मध्यात संपला. साथ तेव्हा कुठे संपली होती? आणि हे सगळं कधी, तर ऑगस्ट २०१९ मध्ये १८१ बड्या अमेरिकी सीईओंनी 'कंपनी फक्त भागधारकांसाठी नसते' अशा निवेदनावर सह्या केल्यानंतर वर्षाच्या आत. त्या यादीत अ‍ॅमेझॉनच्या प्रमुखाचीही सही होती. अहमदाबादच्या कामगारांजवळ अनसूयाबेन होत्या, नदीकाठी रोज सभा होत होती. म्हणून बोनसचं रूपांतर मजुरीत झालं. क्रोगरच्या कामगारांना एक छान नाव मिळालं.

कुणी म्हणेल, मालकाकडे पैसेच नसतील तर? प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की टाळेबंदीत सर्व मालकांनी कपात न करता पूर्ण पगार द्यावा. सर्व म्हणजे सर्व. हजारो कोटींची कंपनी आणि आमच्याकडे एमआयडीसीत सहा माणसांनिशी फॅब्रिकेशन करणारा मालक, दोघांना एकच वाक्य. त्या सहा माणसांच्या मालकाची काहीही सोय न करता. हा आदेश कोर्टात टिकणं अवघडच होतं. १८ मेपासून तो सरकारनेच मागे घेतला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक-कामगारांनी आपसात वाटाघाटी कराव्यात.

पण या तारखांच्या मधली एक तारीख बघा. ८ मे. आदेश कागदावर जिवंत होता. जालन्याच्या एका स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे वीस मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने रात्रभर रुळांवरून चालले आणि करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा मेले. रुळांवर पसरलेल्या भाकऱ्यांचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. उद्या आपला पगार येणार अशी ज्याला खात्री असते, तो सहसा असा निघत नाही. सक्तीच्या आदेशाने त्यांना थांबवलं नाही. मग वाटाघाटी करायला कोण बसणार होतं आणि कुणासमोर? कंत्राटी मजुराच्या आणि कंपनीच्या मधे ठेकेदार असतो, आणि अशा वेळी त्याचा फोन लागत नाही.

वर्ध्यात बसून उद्योगाबद्दल लिहायचं आणि बजाज नाव टाळायचं, हे शक्य नाही. जमनालाल बजाज वर्ध्याचे. ब्रिटिशांनी दिलेली रायबहादूर पदवी त्यांनी परत केली, १९२८ मध्ये इथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं, गांधींना वर्ध्याला आणलं. विश्वस्त भांडवलदाराचं उदाहरण म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. मार्च २०२० मध्ये बजाज समूहाने साथीसाठी १०० कोटी जाहीर केले. जूनच्या सुरुवातीला राजीव बजाज यांनी टाळेबंदीवर जाहीर टीका केली, आणि एवढ्या स्पष्टपणे बोलणारे उद्योगपती तेव्हा फारसे नव्हते. ते धाडस मला आजही मोठं वाटतं. जुलैच्या सुरुवातीला बातम्या आल्या की वाळूजच्या बजाज ऑटो कारखान्यात अडीचशेच्या आसपास कामगार बाधित निघाले आहेत, आणि कामगार संघटना कारखाना काही दिवस बंद ठेवायला सांगते आहे. कंपनी उत्पादन थांबवायला तयार नव्हती, विषाणूसोबत जगायला शिकावं लागेल अशी तिची भूमिका.

मी कंपनीला खलनायक ठरवत नाही. कारखाना बंद ठेवला तर पगाराचं काय, हा प्रश्न तिथेही होताच. मला दिसतं ते एवढंच की १०० कोटी कुठे जावेत हा निर्णय आणि कारखाना कधी उघडावा हा निर्णय, दोन्ही एकाच टेबलावर झाले आणि त्या टेबलाला कामगाराची खुर्ची नव्हती. गंमत म्हणजे आपल्याच कंपनी कायद्याचं कलम १६६ संचालकांना सांगतं की भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचाही विचार करा. विचार करा, म्हणतं. विचारा, म्हणत नाही. हिताधिकारी आणि लाभार्थी यांच्यातलं अंतर याच एका क्रियापदात आहे.

उत्पादन समाजाच्या गरजेवर ठरावं, या शेवटच्या कलमाबद्दल मी आधी हसलो असतो. पण मे २०२१ मध्ये ते वर्ध्यातच घडताना पाहिलं. इथल्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या औषध कंपनीत रेमडेसिव्हिर बनायला लागलं, आणि महिनाअखेरीला म्युकरमायकोसिसवरचं अ‍ॅम्फोटेरिसिन बी. बाजारात ७००० रुपयांना मिळणारं इंजेक्शन इथून १२०० रुपयांना मिळेल, असं नितीन गडकरींच्या कार्यालयाने जाहीर केलं. गावात आनंद होता, मलाही झाला. सावंगी आणि सेवाग्रामच्या दवाखान्यांबाहेर त्या दिवसांत काय अवस्था होती, ते इथल्या कुणालाही विचारा. पण ७००० आणि १२०० यांच्यामधले ५८०० रुपये तोवर कशाचे होते, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आणि असं उत्पादन सुरू व्हायला साथ, मंत्री आणि खास परवानगी, तिन्ही एकाच वेळी लागतात का?

लशीचंही तेच झालं. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याच्या सीरमने कोव्हिशील्डचे भाव जाहीर केले: केंद्राला आधीच्या करारात १५० रुपये, राज्यांना ४००, खासगी दवाखान्यांना ६००. ओरड झाल्यावर राज्यांचा भाव ३०० केला. वस्तू एक, गरज एक, भाव तीन. नफ्याशिवाय कारखाना वाढत नाही, हे कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण कोणता नफा रास्त, हे भांडण आठवडाभर ट्विटरवर चाललं, शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला वेगवेगळ्या भावांबद्दल जाब विचारला, आणि जूनमध्ये केंद्राने राज्यांसाठीची खरेदी स्वतःकडे घेतली. ८० वर्षांपूर्वीचं सहावं कलम इतकं भाबडं नसावं.

हिशेबाचा विषय निघाला आहे तर मगनवाडीचा उल्लेख करायलाच हवा. वर्धा शहरातल्या या आवारात जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचं काम पाहायचे. ते लंडनमध्ये शिकलेले हिशेबनीस. त्याआधी, जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले तेव्हा कुमारप्पांनी महादेव देसाईंना सांगितलं, या मंडळींचा खर्च मदतनिधीतून होणार नाही, तुमची सोय तुम्ही करा. निधी लोकांनी भूकंपग्रस्तांसाठी दिला आहे, महात्म्यासाठी नाही. ऑडिटर असा असतो. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधान कार्यालयाने माहितीच्या अधिकारात उत्तर दिलं की पीएम केअर्स हे 'सार्वजनिक प्राधिकरण' नाही, त्यामुळे माहिती मागता येणार नाही. त्याचं लेखापरीक्षण कॅग करत नाही, नेमलेला लेखापाल करतो. सीएसआरचे कंपन्यांचे पैसे तिथे गेले, आणि त्या कंपन्यांच्या भागधारकांनी पुढे काय झालं ते विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. २ टक्क्यांचा रकाना भरला होता.

त्या सहा कलमांवर माझाही आक्षेप आहे. विश्वस्त कोण, हे ठरवायचं कुणी? मालक स्वतःला विश्वस्त म्हणवून घेतो तेव्हा तो कामगाराला अज्ञान मूल ठरवतो, ज्याची मालमत्ता मोठ्यांनी सांभाळायची. डाव्यांची टीका हीच होती, आणि काकाजींचीही. कुटुंब नको, पगार टायमावर दे. मसुद्यात कायद्याचा उल्लेख आहे, कमाल उत्पन्नाची मर्यादा आहे, पण कामगाराने उठून हिशेब मागायची जागा, म्हणजे संघटना, त्यात नाही. अहमदाबादच्या लढ्यातून मजूर महाजन उभं राहिलं होतं, हे लक्षात घेता ही उणीव जास्तच खटकते.

तरी पाचव्या कलमाचं, उत्पन्नातल्या फरकाचं, एक दूरचं भावंड आजच्या कायद्यात सापडतं. कलम १९७ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला संचालकाचा पगार आणि मधल्या कर्मचाऱ्याचा पगार यांचं गुणोत्तर छापावं लागतं. मर्यादा नाही, फक्त आकडा. मे २०२१ पासून सेबीने मोठ्या हजार कंपन्यांसाठी जो नवा अहवाल आणला, त्यात कायम किती, कंत्राटी किती, किती सोडून गेले, किमान वेतन किती जणांना, हेही विचारलं आहे. हे अहवाल फोनवर फुकट उघडतात. अध्यक्षांचं पत्र वगळा आणि पीडीएफमध्ये 'मीडियन' शोधा. २०२०-२१ चा अहवाल घ्या, शेजारी आधीच्या वर्षाचा ठेवा.

मी एका रात्री गच्चीवर बसून असे सात-आठ अहवाल उघडले. काकाजी शेजारच्या गच्चीवरून विचारत होते, "काय शोधून रायला बे एवढ्या रात्री?" शेवटी माझ्या जुन्या कंपनीचं नाव टाकलं. ती शेअर बाजारात नोंदलेली नाही. तिला हे गुणोत्तर छापावं लागत नाही. वेबसाइटवर किराणा किटचा फोटो अजून आहे.